'फार', 'अति' आणि 'नाही'

इंग्रजीच्या वह्या तपासताना आम्हांस दरवर्षी एक गोष्ट आढळून येते. स्पेलिंग चुकले तर ते विद्यार्थ्याच्या डोळ्यांत भरते. क्रियापदाचा काळ चुकला तर शेजारी बसलेला मित्रही तो सुधारून देतो. परंतु 'व्हेरी', 'टू', 'हार्डली', 'नेव्हर', 'नॉट' ह्या चिमुकल्या शब्दांची चूक झाली, तर ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कारण असे वाक्य वरून पाहता शुद्धच दिसते. कर्ता जागच्या जागी असतो, क्रियापद बरोबर असते, शेवटी पूर्णविरामही असतो. बिघडलेला असतो तो अर्थ. लिहिणाऱ्यास जे सांगावयाचे असते त्याहून निराळे, आणि कित्येकदा अगदी उलट, ते वाक्य सांगत असते.

व्याकरणात ह्या शब्दांस क्रियाविशेषणे म्हणतात. काही क्रियाविशेषणे गुणाचे वा क्रियेचे माप सांगतात. काही नकार दर्शवितात. वाक्यातील मुख्य कारभार नामे आणि क्रियापदे चालवितात, म्हणून ह्या लहान शब्दांकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते. आमचे मत असे आहे की, तराजूत जे स्थान काट्याचे, तेच वाक्यात ह्या शब्दांचे होय. माल कितीही उत्तम असो, काटा खोटा असेल तर व्यवहार खोटा ठरतो. प्रस्तुत लेखात ह्या काट्याविषयी विद्यार्थिमित्रांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम 'व्हेरी' आणि 'टू' ही जोडी घेऊ. पुष्कळ विद्यार्थी असे समजतात की, 'व्हेरी' म्हणजे फार आणि 'टू' म्हणजे त्याहूनही फार. ही समजूत चुकीची आहे. समजा, परगावचा एखादा पाहुणा आपल्या कोल्हापुरात आला आणि तांबड्या रश्शाचा पहिला घोट घेऊन म्हणाला, 'धिस इज व्हेरी हॉट.' ह्याचा अर्थ, रस्सा चांगलाच तिखट आहे. यजमानास त्यात कौतुकच वाटेल. परंतु तोच पाहुणा 'धिस इज टू हॉट' असे म्हणाला, तर त्याने वाटी खाली ठेवली असे समजावे. 'टू' ह्या शब्दाने तो सांगतो की, तिखटपणा माझ्या सोसण्यापलीकडे गेला. आता हा रस्सा माझ्याच्याने खाववणार नाही. आता आपल्याच विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने 'अवर कोल्हापूर रस्सा इज टू हॉट' असे निबंधात लिहिले, तर त्याने आपल्या गावच्या रश्शाची स्तुती केली की निंदा, हे त्यानेच ठरवावे.

वस्तुतः हा भेद मराठी माणसास परका नाही. 'फार' आणि 'अति' हे दोन निराळे शब्द आपल्या भाषेत आहेतच. 'अति तेथे माती' ह्या म्हणीत 'अति'च्या जागी 'फार' घालून पाहा. म्हणीचा जीवच जाईल. इंग्रजीतील 'टू' हा आपला 'अति' होय. त्याच्या पोटात एक 'नाही' दडलेला असतो. 'द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट' ह्या वाक्यात 'नॉट' हा शब्द कोठेही दिसत नाही. तथापि पेटी उचलता येत नाही, हेच त्याचे तात्पर्य आहे. शालान्त परीक्षेसाठी 'टू काढून वाक्य पुन्हा लिहा' हा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. 'सो हेवी दॅट वुई कॅनॉट लिफ्ट इट' असे उत्तर विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु हा 'कॅनॉट' आला कोठून, असे विचारले असता वर्गात शांतता पसरते. तो बाहेरून आलेला नसतो. 'टू'च्या पोटातूनच बाहेर पडलेला असतो. एवढे ध्यानात आले तर तो प्रश्न पाठ करावा लागत नाही, आणि 'आय ॲम टू हॅपी टू मीट यू' असे पत्रात लिहिण्याचा प्रसंगही येत नाही. 'ओन्ली टू ग्लॅड' असा एक रूढ प्रयोग इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ मोठ्या आनंदाने असा होतो, हे खरे. पण तो अपवाद आहे. अपवादावर नियमाची इमारत उभारू नये.

दुसरी अडचण आपल्या 'फार' ह्या शब्दाने उत्पन्न होते. मराठीतील 'फार' हा अत्यंत कष्टाळू शब्द आहे. 'डोंगर फार उंच आहे', 'मला आंबा फार आवडतो', 'जत्रेत फार माणसे आली', 'पन्हाळ्यावर येथल्यापेक्षा फार जास्त थंडी असते' अशी चार ठिकाणची चार कामे तो एकटाच करतो. इंग्रजीत ही कामे वाटून दिलेली आहेत. उंचीसाठी 'व्हेरी हाय' चालते. आवडण्यासाठी 'व्हेरी लाइक' चालत नाही. तेथे 'लाइक व्हेरी मच' म्हणावे लागते, कारण 'व्हेरी' एकटा क्रियापदाच्या वाटेस जात नाही. माणसांसाठी 'व्हेरी पीपल' म्हटले तर हसे होईल. तेथे 'मेनी पीपल' पाहिजे. आणि तुलना असेल तेथे 'व्हेरी कोल्डर' न म्हणता 'मच कोल्डर' म्हणतात. म्हणून 'फार' मनात आला की लेखणी क्षणभर थांबवावी आणि हा 'फार' कोणत्या कामावर आहे, हे पाहावे.

शिवाय काही गुण असे असतात की, त्यांस मापच लागू पडत नाही. 'सर्वोत्तम' म्हटल्यावर 'फार सर्वोत्तम' कसे होणार? 'अद्वितीय' म्हणजे ज्यास दुसरा नाही असा. मग 'अत्यंत अद्वितीय' म्हणजे काय? तरी 'व्हेरी परफेक्ट', 'व्हेरी युनिक', 'मोअर बेटर' हे प्रयोग निबंधांत पुनःपुन्हा डोकावतात. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते जमिनीवरच सांडते.

'व्हेरी' ह्या शब्दाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'वेरुस' ह्या शब्दात आहे. त्या शब्दाचा अर्थ 'खरा' असा होतो. म्हणजे प्रारंभी 'व्हेरी' हा सत्याची ग्वाही देणारा शब्द होता. आपण 'खरोखर' म्हणतो तसा. पुढे लोक तो जेथे तेथे वापरू लागले, तेव्हा त्यातील सत्य झिजले आणि नुसता जोर उरला. भीतीवाचक शब्दांचीही हीच गत झाली. 'टेरिबली' आणि 'ऑफुली' ह्या शब्दांत पूर्वी खरी धास्ती होती. आता 'ऑफुली नाइस' असे लोक सहज म्हणतात. आपणही 'भयंकर सुंदर' म्हणतोच की! आपल्या कोल्हापुरातील 'लई भारी' हाही त्याच कुळातला. मित्रांच्या बैठकीत तो शोभतो आणि त्यात आपल्या मातीचा वास आहे, म्हणून आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. परंतु जो मुलगा चहाही 'लई भारी', चित्रपटही 'लई भारी' आणि खासबागेतील कुस्तीही 'लई भारी' म्हणतो, त्याच्यापाशी खरोखर अपूर्व असे काही पाहिल्यावर कोणता शब्द शिल्लक राहतो? जोर देणारे शब्द हे साठवणीतल्या धान्यासारखे आहेत. रोज उधळले, तर गरजेच्या दिवशी कणगी रिकामी सापडते.

आता 'हार्ड' आणि 'हार्डली' ह्यांकडे वळू. 'स्लो'चे 'स्लोली' होते, 'क्विक'चे 'क्विकली' होते, तेव्हा 'हार्ड'चे 'हार्डली' व्हावे, असे विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक आहे. ह्या तर्कात दोष नाही. दोष भाषेच्या वळणात आहे. 'हार्डली'चा जुना अर्थ कष्टाने, मुश्किलीने असाच होता. परंतु जे मुश्किलीने होते ते बहुधा होतच नाही, ह्या अनुभवाने तो शब्द हळूहळू 'जेमतेम' आणि पुढे 'जवळजवळ नाहीच' ह्या अर्थाकडे सरकला. म्हणून एखाद्या पालकाने शिक्षकांस लिहिलेल्या पत्रात 'माय सन वर्क्स हार्डली' असे लिहिले, तर माझा मुलगा फार मेहनत करतो असे न होता, तो क्वचितच हातपाय हलवितो असे होते. पित्याचे वात्सल्य आणि मुलाचे श्रम, दोन्ही त्या दोन अक्षरांनी मातीस मिळतात. तेथे 'वर्क्स हार्ड' एवढेच पुरे.

'हार्डली', 'स्केअर्सली', 'बेअरली', 'सेल्डम', 'रेअरली' ही सर्व मंडळी वरून होकारार्थी दिसतात आणि आतून नकाराकडे झुकलेली असतात. म्हणून त्यांच्या सोबतीस आणखी 'नॉट' देऊ नये. 'आय कॅन हार्डली सी' म्हणजे मला जेमतेम दिसते. 'आय कॅनॉट हार्डली सी' म्हणणे शिष्ट इंग्रजीत चूक समजतात. तसेच हे शब्द वाक्याच्या प्रारंभी आले म्हणजे साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे येऊन उभे राहते, जसे 'नेव्हर हॅव आय सीन' किंवा 'हार्डली हॅड ही रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट'. ह्याच घरातील 'नो सूनर' मात्र 'व्हेन' न घेता 'दॅन' घेतो. विद्यार्थी हेही पाठ करतात. पण कारण समजले तर पाठ करावे लागत नाही: 'सूनर' हे तुलनेचे रूप आहे, आणि इंग्रजीत तुलना झाली की 'दॅन' येणारच.

हे सर्व केवळ परीक्षेच्या गुणांपुरते आहे, असे कोणी समजू नये. आपण पंचगंगेच्या काठी राहणारे लोक आहोत. पावसाळा आला की राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याचे आकडे लहान मुलांच्याही तोंडी असतात. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. २०१९ आणि २०२१ ह्या साली आलेल्या महापुरांची आठवण अजून ताजी आहे. समजा, अशा दिवसांत दूर परदेशी असलेल्या नातलगास घरातील मुलाने इंग्रजीत कळविले की पाणी 'नीअर्ली फॉर्टी-थ्री फीट' आहे. ह्याचा अर्थ, पाणी ४३ फुटांच्या जवळ आले आहे, पण अजून पोचलेले नाही. त्याऐवजी त्याने 'बेअरली फॉर्टी-थ्री फीट' असे लिहिले, तर पाणी ४३ फुटांस पोचले आहे, पण जेमतेम. आकडा एकच आहे. तरी पहिल्या वाक्यात पाणी रेषेच्या खाली आहे आणि दुसऱ्यात ते रेषेस लागले आहे. मराठीत 'जवळजवळ' आणि 'जेमतेम' ह्यांतही हाच फरक आहे, आणि तो आपणांपैकी कोणीही चुकत नाही.

आजारी माणसाच्या वर्तमानासंबंधीही असेच आहे. आजीच्या प्रकृतीविषयी 'शी इज अ लिटल बेटर' असे लिहिले, तर तिला थोडे बरे आहे असा दिलासा मिळतो. त्यातील इवलासा 'अ' गळाला आणि 'शी इज लिटल बेटर' असे झाले, तर तिच्या प्रकृतीत फारसा फरक नाही असा अर्थ होऊन वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. एका अक्षराने कोणाची रात्रीची झोप उडावी, ही गोष्ट लहान म्हणता येईल काय?

आता नकाराच्या प्रकरणाकडे येऊ. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी असतो. 'मी काल बाजारात गेलो' एवढे ऐकूनही पुढे 'नव्हतो' येईल की काय, ह्याची वाट पाहावी लागते. इंग्रजी भाषा नकार आधी सांगून टाकते. 'नोबडी केम' ह्यात पहिल्याच शब्दाने दार लागते. म्हणून 'कोणीही आले नाही' ह्याचे शब्दास शब्द भाषांतर करून 'एनीबडी डिड नॉट कम' असे लिहिले, तर ते इंग्रजी कानास रुचत नाही. नकार पुढे आणून 'नोबडी केम' म्हणावे. आणि एकदा 'नो' आला की 'एनी' नको; 'आय हॅव नो एनी बुक' ह्यात दोन पहारेकरी एकाच दारावर उभे राहतात.

'कधीच' हा शब्द तर विद्यार्थ्यांस हमखास फसवितो. 'तो मुंबईस कधीच गेला नाही' ह्यात 'कधीच'साठी 'नेव्हर' योग्य आहे. पण 'तो मुंबईस कधीच गेला' म्हणजे तो जाऊन पुष्कळ वेळ झाला! ह्या दुसऱ्या वाक्यास 'ही नेव्हर वेंट टू मुंबई' असे इंग्रजी रूप देणारा विद्यार्थी शब्दकोशाप्रमाणे वागला, पण त्याने गेलेल्या माणसास घरी बसविले. शब्दाचे भाषांतर न करता अर्थाचे करावे, ह्या उपदेशाचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

तिसरे उदाहरण 'जोपर्यंत' ह्या शब्दाचे. 'जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत आम्ही येथेच राहू' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ह्यातील 'नाही' सुद्धा इंग्रजीत उचलून नेला, तर 'अन्टिल द रेन डझ नॉट स्टॉप' असे होते, आणि ते चुकीचे आहे. इंग्रजी भाषा तेथे त्या क्षणाकडे बोट दाखविते, ज्या क्षणी पाऊस थांबेल: 'अन्टिल द रेन स्टॉप्स'. 'अनलेस' ह्या शब्दातही 'जर नाही तर' हा नकार आधीच सामावलेला असतो. त्यास आणखी 'नॉट'ची जोड दिली की वाक्य उलटे फिरते.

निकालाच्या दिवशी कोणी फळ्यावर 'ऑल द बॉइज हॅव नॉट पास्ड' असे लिहिले, तर सर्व मुले अनुत्तीर्ण झाली, की काही उत्तीर्ण आणि काही अनुत्तीर्ण झाली? मराठीतील 'सर्व मुले उत्तीर्ण झाली नाहीत' हे वाक्यही तसेच संदिग्ध आहे. इंग्रजीत 'नॉट ऑल' म्हटले की काही राहिली, आणि 'नन' म्हटले की कोणीच नाही, असा स्वच्छ निवाडा होतो. ज्या घरी निकालाची वाट पाहत आईबाप बसलेले असतात, त्या घरी ह्या दोहोंतील अंतर विचारून पाहावे.

येथे एक जुना प्रसंग सांगणे आम्हांस अवश्य वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही विद्यार्थी असताना वर्गाच्या खिडकीची काच फुटली. इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा होती असे एक शिक्षक तेव्हा आम्हांस शिकवीत. त्यांनी खेड्यातून नवीनच आलेल्या एका मुलास विचारले, 'यू डिड नॉट ब्रेक इट, डिड यू?' मुलगा तत्काळ उभा राहून म्हणाला, 'येस, सर.' त्याच्या मनात होते, 'होय गुरुजी, आपण म्हणता ते खरे, मी ती फोडली नाही.' शिक्षकांनी समजून घेतले, 'होय, मी फोडली.' मुलास दिवसभर वर्गाबाहेर उभे राहावे लागले. आपण खरे बोललो असता शिक्षा का झाली, हे त्यास कळेना. आणि गुन्हा इतक्या सहजपणे कबूल करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत एवढे पाणी का, हे गुरुजींस कळेना. पुढल्या आठवड्यात काच फोडणारा मुलगा आपण होऊन पुढे आला, तेव्हा उलगडा झाला. गुरुजींनी त्या मुलास जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर त्यांनी आमच्या वर्गास 'नॉट' घातलेला प्रश्न कधीही विचारला नाही.

ह्या प्रसंगात खोटे कोणीच बोलले नव्हते. मराठीत आपला 'होय' बहुधा विचारणाऱ्याच्या बोलण्याला असतो. 'जेवला नाहीस का?' ह्यास 'हो, नाही जेवलो' असे उत्तर आपण सहज देतो. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' हे प्रश्नाच्या शब्दांकडे न पाहता घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. गोष्ट घडली असेल तर 'येस', नसेल तर 'नो'. प्रश्न कसाही विचारलेला असो. दोन्ही रीती आपापल्या घरी बरोबर आहेत. परंतु एका घरची रीत दुसऱ्या घरी नेली, तर सज्जन माणूसही अपराधी ठरतो. असे लहान मुलाच्या वाट्यास येऊ नये, म्हणूनच आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

ह्यावर कोणी म्हणेल की, इंग्रजी ही परकी भाषा. तीत आपण चुकलो तर बिघडले कोठे? आणि स्वतः इंग्रज लोक तरी नेहमी नियमाप्रमाणे बोलतात काय? ह्या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. १४०० साली निवर्तलेल्या चॉसर कवीच्या इंग्रजीत एकाच वाक्यात तीन-तीन, चार-चार नकार एकमेकांस बळ देत उभे असतात. त्या काळी दोन नकारांनी होकार होत नसे. नकार अधिक घट्ट होई. पुढे व्याकरणकारांनी त्यास प्रतिबंध केला. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे ह्याच्या व्याकरणात दोन नकार एकमेकांस नष्ट करतात, असा नियम सांगितलेला आहे, आणि ते पुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरले गेले. तथापि आजही इंग्रजीच्या अनेक बोलींत दुहेरी नकार सर्रास ऐकू येतो. तेव्हा असा प्रयोग करणारा मनुष्य अडाणी, असे मानण्याचे कारण नाही. चूक झाली म्हणून कोणासही हसू नये. आमचे म्हणणे एवढेच की, पत्र, अर्ज, परीक्षा आणि परक्या माणसाशी व्यवहार, ह्या ठिकाणी आपल्या मनातील अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात जसाच्या तसा पोचला पाहिजे. लाज चुकीची वाटू नये. काळजी अर्थाची वाटावी.

इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती उपमा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावे सांगितली जाते. ते दूध पचविण्याची एक जुनी मराठी रीतही होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांस मराठी वाक्यावरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी, असे वाक्यामागून वाक्य घोटून तयार केले. आता महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी शिकविले जाते, आणि भाषांतराची ती रीत मागे पडली आहे. इंग्रजी लवकर कानी पडते हा मोठाच लाभ आहे. परंतु मराठीतील 'अति' आणि इंग्रजीतील 'टू' ह्यांस शेजारी शेजारी बसवून पाहण्याची सवय जुन्या रीतीने लागत असे, ती टिकावी असे आम्हांस वाटते. दोन भाषा जाणणाऱ्या मुलापाशी दोन तराजू असतात. एकाने दुसऱ्याची परीक्षा घेता येते.

मोजून मापून बोलण्याचे सामर्थ्य काय असते, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच परिसरात विद्यार्थिदशा घालविलेल्या एका पुरुषाकडे पाहावे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले, आणि राजाराम कॉलेजातही ते काही काळ होते. १९०२ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, ते आकड्यांच्या आणि संयमी इंग्रजीच्या बळावर गाजले. त्यांच्या पक्षास लोक 'नेमस्त' म्हणत. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद होते व आहेत. परंतु नेमका शब्द नेमक्या मापाने वापरला असता प्रतिपक्षासही तो ऐकावा लागतो, हा धडा मात्र सर्वांनी घ्यावा असाच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमच्या चार सूचना आहेत. निबंध लिहून झाला की त्यातील प्रत्येक 'व्हेरी' झाकून वाक्य वाचा. अर्थ कमी झाला नाही, तर तो शब्द काढून टाका. प्रत्येक 'टू'पाशी थांबून 'म्हणून काय झाले नाही?' असे स्वतःस विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तो 'टू' तेथला नव्हे. प्रत्येक वाक्यातील नकार मोजा. एकाहून अधिक भरले, तर वाक्य पुन्हा तपासा. आणि नकारार्थी प्रश्नास नुसते 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नका. 'नो, सर, आय डिड नॉट' असे पूर्ण वाक्य बोला. त्या मुलास हे कोणी सांगितले असते, तर त्याचा एक दिवस वाचला असता.

पालकवर्गासही एक विनंती आहे. आपल्या मुलाने भराभर इंग्रजी बोलावे, अशी आपली इच्छा असते आणि ती योग्यच आहे. परंतु तो अडखळला तर त्यास घाई करू नये. आपणांस स्वतः इंग्रजी येत नसले, तरी हे काम आपल्या हातून उत्तम होईल. 'तुला काय म्हणावयाचे आहे ते आधी मराठीत सांग' एवढे त्यास म्हणावे. 'फार' की 'अति', 'जवळजवळ' की 'जेमतेम', 'कोणीच नाही' की 'सगळे नाही', हे ज्या मुलास घरच्या भाषेत स्वच्छ सांगता येते, त्यास ते इंग्रजीत सांगण्यास फार कष्ट पडत नाहीत. अति कष्ट तर मुळीच पडत नाहीत.